चोपन्न महिन्यांचा विद्याधर

श्रुतिकाच्या पत्राला सदतीस वाचक होते. त्यातले चार ती स्वतःच होती, वेगवेगळ्या इमेलवरून.

पत्राचं नाव होतं ‘आज झाली का?’ दर मंगळवारी सकाळी सात वाजता ते वाचकांच्या इमेलवर जायचं. विषय एकच, लहान मुलांची शी. न होणारी, कडक होणारी, रडत रडत होणारी. चौदा महिन्यांच्या मिहिरला दोन-दोन दिवस व्हायची नाही, म्हणून श्रुतिकाने वही ठेवली होती. वेळ, रंग, आदल्या दिवशीचं खाणं, सगळं त्यात. वही भरली तेव्हा तिला वाटलं, अशा आया आणखी असतीलच की.

“अगं, एवढ्याशा विषयावरचं कोण वाचणार?” तिच्या नवऱ्याने, सुयोगने विचारलं होतं.

“ज्याच्या घरी दोन दिवस झालेली नाही ना, त्याला विचार विषय एवढासा आहे का.”

सुयोगने मिहिरच्या पोटावर हात ठेवून पाहिला. त्या दिवशी दुसराच दिवस होता.

आता प्रश्न वेगळाच होता. एक मार्चला तिची बिनपगारी रजा संपत होती. मग ती अंधेरीच्या ऑफिसात, आणि मिहिर पलीकडच्या गल्लीत दर्शनाताईंच्या पाळणाघरात. पाळणाघर चांगलं होतं. श्रुतिकाने जाऊन बावीस प्रश्न विचारले होते आणि दर्शनाताईंनी एकवीस प्रश्नांची हसून उत्तरं दिली होती. बाविसावा प्रश्न होता, “शी झाली की मला लगेच कळवाल ना?”

“ताई,” दर्शनाताई म्हणाल्या होत्या, “एकोणीस पोरं आहेत इथे.”

मिहिरला तिथे ठेवायचं श्रुतिकाच्या मनातून तेव्हाच उतरलं. सुटकेची वाट एकच होती. मुलुंडला बाळांचं नाचणीसत्त्व वगैरे बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिथल्या मनालीने फोनवर सांगितलं होतं, “दोनशे वाचक दाखवा. खरे हां, मेल उघडणारे. फेब्रुवारी संपेपर्यंत झाले, तर आमची पत्रं लिहायचं काम तुमचं. घरबसल्या.”

सदतीसमधून स्वतःला वजा केलं तर तेहतीस. श्रुतिका रडायला लागली आणि ते पाहून मिहिरही.

“कित्याक रडतंस गो?” स्वयंपाकघरातून सुगंधाबाई आल्या. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, पण कांदिवलीत चाळीस वर्षं झालेली. “दोनशे माणसां व्हयी ना? संक्रांत इली. एकेका हळदीकुंकवाक चाळीस-चाळीस बायको असतत. माका वही दी.”

श्रुतिकाने लांब वही आखून दिली. नाव, वय, इमेल. “बाळाचं नाव आणि बाळाचं वय हां, आई. ज्यांना आपणहून हवं असेल त्यांचंच घ्या.”

“माका म्हायती आसा सगळा.”

रथसप्तमीपर्यंत सुगंधाबाईंनी एकही दिवस सोडला नाही. आपल्या सोसायटीतलं, समोरच्या सोसायटीतलं, भजनी मंडळातलं, बोरिवलीच्या मावसबहिणीकडचं. स्वतःच्या घरी वाण म्हणून स्टीलचा चमचा ठेवला आणि वहीत लिहिल्याशिवाय चमचा हातात दिला नाही. येताजाता दर्शनाताईंच्या पाळणाघरातही डोकावल्या. वही परत आली तेव्हा तीत एकशे पंचाहत्तर ओळी होत्या.

श्रुतिकाने सासूला मिठी मारली. मिहिर दुपारी झोपला की ती भराभर नावं टाइप करायची. विद्याधर, हेमचंद्र, धोंडिराम, बाळा. जुनी नावं पुन्हा आलीत म्हणतात ते खरंच की, तिला वाटलं. सम्यक हे एक तेवढं नवीन वाटलं. वयाच्या रकान्यात चोपन्न, सत्तेचाळीस, एकसष्ट. सॉफ्टवेअर वय महिन्यांतच धरायचं. एकसष्ट महिने म्हणजे पाच वर्षं उलटली! पाच वर्षांच्या मुलालाही हा त्रास? धोंडिरामच्या आईचं काय होत असेल, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

मंगळवारी सात वाजता दोनशे बारा पत्रं गेली. सात चाळीसला बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका उभे. अंगात बनियन, बर्म्युडा, हातात फोन. पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावली तरी नोटीस काढणारा माणूस.

“ही मेल तूच पाठवलीस ना? वाचतो. ‘प्रिय विद्याधरची आई, तुमचा विद्याधर आता चोपन्न महिन्यांचा झाला. त्याला आज झाली का?’” परबकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. “माझी आई सत्त्याण्णव साली गेली.”

श्रुतिका मागे वळली. “आई!” ती आत ओरडली. “तुम्ही नावं कोणाची लिहिलीत?”

“घोवांची.” सुगंधाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “हळदीकुंकवाक बायको आणि कोणाचा नाव घेतली? पोराच्या नावान दिवसभर बोंबलततच. आणि इमेल म्हणशीत तर तो घोवाचोच असता. सगळ्यांनी हौसेन उखाणो घेवन नाव सांगितल्यानी.”

“नवऱ्यांची? आणि वय?”

“ताव घोवाचाच. मगे काय शेजाऱ्याचा लिवतले?”

सुयोग दात घासता घासता बाहेर आला, प्रकरण ऐकलं आणि फेस गिळला. “वाट लागली.”

“काका, सॉरी, खरंच सॉरी,” श्रुतिका म्हणाली. “मी आत्ताच्या आत्ता तुमचं नाव काढते.”

परबकाकांनी जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं आणि आवाज उतरवला. “नाही झाली.”

“काय?”

“चार दिवस. डॉक्टरला काय सांगणार, लाज वाटते. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही गं.” त्यांनी फोन बर्म्युडाच्या खिशात सरकवला. “पुढचं पत्र कधी येतं?”

पुढचं पत्र दुसऱ्याच दिवशी जाणार होतं. नवीन वाचक आला की त्याला पहिल्या आठवड्यात तीन पत्रं आपोआप जातील, अशी सोय तिने केली होती. वाचकाशी नातं जपायचं असतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ती सोय बंद कशी करायची हे शोधेपर्यंत पहिलं गेलंसुद्धा. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून भरवा. त्या दिवशी नाक्यावरच्या दोन्ही दुकानांतल्या मनुका संपल्या.

श्रुतिकाने घाईघाईने माफीचं पत्र लिहिलं. “चूक झाली. हे पत्र बाळांसाठी आहे. खालच्या बटणावर दाबलंत की तुमचं नाव निघेल, आणि मला अजिबात राग येणार नाही.” पाठवताच तिने मिहिरची पाळणाघराची पिशवी काढून ठेवली, कारण आता तेहतीस उरणार आणि मिहिर पाळणाघरात जाणार हे नक्की होतं.

संध्याकाळपर्यंत एकच माणूस बाहेर पडला. तो सुयोग होता.

“तू?” श्रुतिका किंचाळली.

“यार, तुझ्या चार इमेलांतला एक माझाच आहे ना! घरात दिवसभर तेच ऐकतो, मग ऑफिसातही तेच कशाला?”

कोणी जाईना, म्हणून तिने ती सोय चालूच ठेवली आणि चौथ्या दिवशी दुसरं पत्र गेलं. पोटावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोमट तेल चोळा, मग पाठीवर निजवून दोन्ही पाय सायकलसारखे फिरवा. धोंडिरामच्या बायकोने उत्तर लिहिलं की ह्यांचे पाय फिरवता फिरवता माझी कंबर धरली, त्यावर काही आहे का?

सातव्या दिवशी तिसरं. झाली की टाळ्या वाजवा. बाळाला कौतुक कळतं, पुढच्या वेळी ते घाबरत नाही.

आठव्या दिवशी सकाळी साडेसातला बी विंगमधून टाळ्या ऐकू आल्या. मग सी विंगमधून. मग समोरच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून, शिट्टीसकट. वॉचमनला वाटलं कुठेतरी आरती चालली आहे, त्याने चपला काढून हात जोडले. दुपारी फलकावर परबकाकांच्या सहीची नोटीस लागली. ‘टाळ्या सकाळी आठपर्यंतच वाजवाव्यात. नंतर सभासदांची मुले अभ्यास करतात.’

महिनाअखेरीला मनालीचा फोन आला. खोटं बोलणं श्रुतिकाला जमेना.

“मला वजा करून दोनशे आठ आहेत,” ती म्हणाली. “पण माझी बाळं सरासरी पन्नास वर्षांची आहेत.”

मनालीने थेट मुद्द्यालाच हात घातला. “मेल उघडतात?”

“शंभरातले सत्त्याण्णव.”

“उत्तरं पाठवतात?”

“फोटो पाठवू नका, असं मला पत्राच्या खाली ठळक लिहावं लागलंय.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग मनालीचा आवाज एकदम खाली आला. “आमच्या सरांचा इमेल घालता का? चंद्रप्रकाश. एकोणसाठ... महिने.”

काम मिळालं. ऑफिसला राजीनामा गेला. सुगंधाबाईंनी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. अट एकच होती, प्रत्येक उत्तराला त्याच दिवशी उत्तर. श्रुतिका सकाळी सातला बसायची. हेमचंद्रची झाली पण समाधान नाही. बाळा दोन दिवस लग्नाला गेला होता, घडी विस्कटली. परबकाका उत्तर लिहायच्या ऐवजी घरीच यायचे आणि सोफ्यावर बसून सविस्तर सांगायचे. त्यांच्यामागून धोंडिराम. मिहिर रांगत त्यांच्या पायांतून इकडून तिकडे जायचा.

एका गुरुवारी दुपारी तीन वाजता श्रुतिकाला एकदम आठवलं. मिहिरची वही तिने चार दिवस उघडलीच नव्हती.

“आई! मिहिरला आज झाली का?”

“कधीच! सकाळीच टेबलाखाली करून मोकळो झालो तो. दोनदा हाक मारलंय तुका. तू त्या हेमचंद्राक लिवी होतंस.”

श्रुतिकाने टेबलाखाली वाकून पाहिलं. मग तिने मिहिरची पिशवी भरली.

सोमवारी नऊ वाजता तिने त्याला दर्शनाताईंच्या कडेवर दिलं. फक्त बारापर्यंत, असं तीनदा सांगितलं. बाविसावा प्रश्न ओठांवर आला होता तो गिळला. एकोणीस पोरं होती तिथे, आता वीस. ती बाहेर पडली, पण पुढे जाईना. पाळणाघराच्या खिडकीखाली, नारळवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून फोनवरून धोंडिरामला उत्तर लिहू लागली.

अकराच्या सुमारास खिडकीतून टाळ्या आल्या. जोरात, एकोणीस जोड्या हातांच्या, आणि त्यांच्या वर दर्शनाताईंचा आवाज, “शाब्बास रे मिहिर!” लगेच फोन वाजला. दर्शनाताईंचाच निरोप होता. ‘ताई, झाली. पत्रात लिहिलंत तसंच करतो आता इथे. आमच्या इथल्या सम्यकलाही फरक आहे.’

सम्यक. एक्केचाळीस महिने. श्रुतिकाला तो रकाना जसाच्या तसा आठवला; नवऱ्यांनी भरलेल्या त्या वहीत हे एक खरंखुरं बाळ होतं.

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि भर रस्त्यात टाळ्या वाजवायला लागली. नारळवाला कोयता हातात धरून बघत राहिला. समोरून परबकाका दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. त्यांनी पिशव्या गाडीवर ठेवल्या, तिच्या शेजारी उभे राहिले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. कोणाला झाली, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.