लालासाहेबांची कूपे

ज्या वाहनात माणसे कमी बसतात त्याची किंमत जास्त, हे वाहतूकशास्त्राचे मूळ तत्त्व आहे. बैलगाडीत अख्खे वऱ्हाड बसते, म्हणून तिला कोणी संग्रहात ठेवत नाही. कूपे नावाच्या मोटारीत दोघेच बसतात, तेही जरा अवघडून. रहिमतपूरच्या लालासाहेबांना हे तत्त्व ऊस कारखान्याला गेल्यावर पटले. (तत्त्वे साधारण याच सुमारास पटतात.)

संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि सांगलीच्या एका गॅरेजात दोन कूपे विक्रीला आल्या. हिरवी विलायती, तांबडी इटालियन. घ्यायची एकच होती. त्यांच्या पत्नी आक्काताईंचे म्हणणे एवढेच, की कुठलीही घ्या, पण मला जतला आईकडे न्या. म्हातारीने अंथरूण धरले होते आणि आक्काताईंचा जीव तिच्यात अडकला होता. पहिली फेरी जतचीच, असा लालासाहेबांनी शब्द दिला.

परंतु निवड शास्त्रशुद्ध व्हायला हवी, म्हणून निवृत्त सुभेदार हंबीररावांना तज्ज्ञ नेमण्यात आले. फौजेत असताना त्यांनी साहेबाची ट्रंक आगगाडीच्या कूपेत, म्हणजे दोघांपुरत्या खास डब्यात, चढवली होती. कूपे आतून पाहिलेला तालुक्यात दुसरा माणूस नव्हता. त्यांनी दोन्ही मोटारींत डोके घालून पाहिले आणि गंभीर झाले.

"लालासाहेब, झोपायची फळी न्हाई. वढायची साखळी न्हाई. आन् येका डब्याला येक इंजिन? रेल्वेला हे परवडंल व्हय?"

लालासाहेबांना हा मुद्दा बिनतोड वाटला. तरीही तुलना नेटाने पुढे चालली. विलायतीत पटका बांधून बसता येत नाही. इटालियनमध्ये पटका काढूनही येत नाही. विलायतीला ढकलायला चार माणसे लागतात, इटालियनला सहा. म्हणजे आतल्या दोघांसह इटालियन आठ माणसांना कामाला लावते, असा निष्कर्ष निघाला. या मोटारी खेळाच्या आहेत, असे गॅरेजवाल्याने सांगितल्यावर सुभेदारांनी आतली जागा पुन्हा न्याहाळली आणि कुस्तीची शक्यता फेटाळून लावली.

आक्काताई रोज विचारत, "आवं, कवा निघायचं?" लालासाहेब सांगत, सुभेदारांचं मत पडू दे. मत पडत नव्हते, कारण दर खेपेला सांगलीत मिसळ आणि भत्ता मिळत होता.

शेवटी आक्काताईंचा भाऊ धनाजी जतहून न्यायला आला. म्हातारी सारखी लेकीचे नाव घेत होती. लालासाहेबांनी दोघांना थोडे थांबायला सांगितले, रंगाचा प्रश्न तेवढा राहिला होता. आक्काताईंनी पिशवी उचलली. त्या भावाबरोबर एस.टी.त चढल्या आणि अर्ध्या वाटेपर्यंत उभ्याने गेल्या. (आसने पुष्कळ, म्हणून तिकीट स्वस्त.)

म्हातारीने लेकीचा हात धरला आणि दाराकडे पाहिले.

"जावई कशातनं आलं?"

"त्ये न्हाई आलं," आक्काताई म्हणाल्या. "त्ये इचारात हाईत."

ही हकीगत पुढे सातारा-सांगलीकडे बऱ्याच जणांनी ऐकली. ऐकून कोणीही म्हातारीच्या तब्येतीची चौकशी केली नाही. शेवटी हिरवी घेतली की तांबडी, एवढेच प्रत्येकाने विचारले. तुमच्याही ओठांवर तेच आहे, ते दिसतेच आहे.

तांबडी घेतली.