डबेफोडी कौसल्यामावशी

आमच्या गावात कौसल्यामावशी येताना दिसली, की लोक आधी घरातले प्लास्टिकचे डबे लपवतात आणि मगच "या मावशी" म्हणतात.

कारण मावशीच्या अंबाड्यात फूल नसतं, पोती शिवायचा दाभण असतो. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा दिसला, की दाभण बाहेर येतो आणि डब्याच्या बुडाला भोक पडतं. डबा कुणाचा, हे ती नंतर विचारते. मी शाळेत मास्तर आहे, पण मलाही सुट्टी नाही. एकदा गाडीला पाण्याचा डबा लटकावून मी तिच्या दारात बोलायला थांबलो, आणि पुढे शाळेपर्यंत रस्ता शिंपत गेलो.

डबे दिसायला छान असतात. घट्ट झाकण, मजबूत कडी. कपाशीवर फवारून झालं, की लोक ते धुतात आणि वावरात प्यायचं पाणी नेतात. मागे कापूस वेचताना असंच पाणी पिऊन दोन बाया चक्कर येऊन पडल्या. मावशीच त्यांना ऑटोत घालून आदिलाबादच्या दवाखान्यात घेऊन गेली. बाया वाचल्या, पण तेव्हापासून मावशीचं एकच पालुपद: "हे पानी नोय बाप्पा, पान्याचं सोंग होय!"

गावानं हेही चालवून घेतलं असतं. पण एका लग्नात वरपक्षानं नेरडीगोंड्याहून मोठ्या निळ्या डब्यात मठ्ठा आणला. पंगत बसली होती, लेकरांनी गिलास पुढे केले होते. मावशीनं झाकण हुंगलं आणि दाभण काढला. मठ्ठ्याची धार थेट नवरदेवाच्या बापाच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

"ओ बाई, डोकं फिरलं काय? साबनानं धुतला व्हता आमी तो डबा!"

"साबनानं आता सदरा धुवा," मावशी म्हणाली. "इख नाही धुवून निंगत."

मग तिनं घरोघर फिरून दही गोळा केलं, स्वतः घुसळून नवा मठ्ठा केला आणि सगळ्या पंगतीला वाढला. लोक चवीनं प्याले. पण त्यानंतर मावशीला कुणी लग्नाला बोलावेना.

मावशी एकटीच राहते. मुलगा हैदराबादेत, येतो कधीमधी. यंदा तिच्या शेजारच्या सुनीताचं लग्न होतं. मांडव मावशीच्या भिंतीला लागून, पण आमंत्रण नाही. त्यात पंगतीच्या वरणाला मोठा गंज कमी पडला, तेव्हा तो मात्र मावशीकडूनच आणायचं ठरलं आणि मला पाठवलं.

मावशी उंबऱ्याशी बसली होती. तिनं उठून गंज काढून दिला. मग आतून एक तुंबा आणला. दुधी भोपळा वाळवून, आतून कोरून केलेला, पाणी ठेवायचा. लाकडाचं बूच, अडकवायला मावशीनंच विणलेली दोरी.

"हे सुनीताले दे. सासरी वावरात जाईन, तहान लागन. माह्यं नाव नोको सांगू."

"मावशी, तुमीच चला ना."

"नाही बा. मी आली का लोकं डबे लपोत राह्यतेत, नवरीकडं कोनी पाहत नाही."

मी तुंबा सुनीताला दिला, नाव सांगितलं नाही. तिनं बूच उघडून पाहिलं, दोरीवरून हात फिरवला आणि भर मांडवातून उठली. आई "अवं, काऊन उठली?" म्हणत मागं धावली. तोवर सुनीता शालू सावरत मावशीच्या दारात.

"मावशे, जेवाले चाल."

"हळदीच्या अंगानं असं उन्हात येत असतेत काय? अक्कल हाय का नाही तुले?" मावशी कडाडली.

"तू आल्याशिवाय मी जात नाही."

 मावशीनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले आणि ती दारामागे, बाजेखाली चप्पल शोधू लागली. बराच वेळ शोधत होती.

चप्पल तिच्या पायातच होती.