हात खाली करा, मास्तर

डोमाजीभाऊंसमोर कोणी हात वर केला की त्यांचं डोकंच फिरायचं. लग्नाच्या पंगतीत एखादा पाहुणा भातासाठी हात उंच करायचा, की दुसऱ्या टोकाहून आवाज, "हात खाली कर गा. तोंड देल्लं ना देवानं?" चांदा जिल्ह्यातल्या, कुरखेड्याकडच्या त्या गावात मी मास्तर. माझ्या शाळेतली सगळी विद्या हात वर करण्यावर चाललेली, आणि शाळेची खिडकी नेमकी यांच्या आंगणात उघडणारी! पोरांनी हात वर केले की भाऊ खिडकीत हजर. वैतागून शेवटी मी पोरांना उभं राहून उत्तर द्यायला लावलं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. मागच्या पंचायतीला भाऊ सरपंचकीला उभे होते. समोर त्यांच्या धाकट्या भावाचा, ऋषीचा, सासरा. ऋषीनं भर सभेत सासऱ्यासाठी हात वर केला. सासरा पुढ्यात बसलेला, ऋषी बिचारा करणार काय! पण त्या दिवसापासून आंगणाच्या मधोमध बांबूचं कुंपण उभं राहिलं आणि बोलणं बंद झालं. कुंपणावरच्या वालाच्या शेंगासुद्धा दोघं आपापल्या बाजूनं तोडत.

मोठ्या निवडणुकीत मताच्या पेट्या आल्या होत्या, पण गावच्या पंचायतीला अजून हातच मोजत. पुन्हा निवडणूक आली, तेव्हा एक उमेदवार वरच्या टोल्याचा, म्हणजे वरच्या वस्तीचा, एक खालच्या टोल्याचा. मोजणी दर वेळी निराळी! कोणी दोन्ही हात वर केलेले, कोणी कडेवरच्या लेकराचा हात धरून उचललेला. एक म्हातारबा तर नुसते माश्या हाकलत होते, त्यांना दोन्हीकडे धरलं. काठ्या निघाल्या. तहसिलीतून आलेले साहेब म्हणाले, दिवस मावळायच्या आत नाव सांगा, नाहीतर मी चाललो. मग पंचायत नाही आणि मंजूर झालेली विहीरही नाही.

झालं! डोमाजीभाऊ उठले ते घरात लग्न निघाल्यासारखे. त्यांची युक्ती तयारच होती. त्यांच्या गोठ्यात दोन मडकी, वरच्या टोल्याच्या मडक्याला सागाचं पान, खालच्याच्या मडक्याला पळसाचं. ज्याला त्याला एकेक सुकं मोहफूल द्यायचं, त्यानं एकट्यानं आत जाऊन हव्या त्या मडक्यात टाकायचं. साहेबांनी मान डोलावली.

पण आमच्याकडच्या माणसाच्या हाती मोहफूल देऊन त्याला एकटं सोडायचं म्हणजे! पहिलाच म्हातारा बाहेर आला तो तोंड हलवत. मत कुठं टाकलं विचारलं तर म्हणे, "खाल्लो." दुसऱ्याचं गोऱ्ह्यानं खाल्लं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. भाऊ मात्र आणखी पेटले. गोऱ्हा बाहेर, मोहफुलं बाद, चिंचोके आत. कोणी घरचे चिंचोके टाकू नयेत म्हणून शाळेतल्या गेरूत बुडवले. तर चिंचोका पडला की मडकं खणकन वाजे, आणि बाहेर बसलेल्यांना कोणतं मडकं ते कळे. भाऊंनी कपाळावर हात मारला, मडक्यांत धानाचं तणस कोंबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

काय रांग लागली म्हणता! बाया पदरात हसू लपवत बाहेर येत होत्या. एका सासूनं सुनेला विचारायला तोंड उघडलं, तर भाऊ मध्ये. "पुसायचं नाई."

मोजणी सर्वांसमोर. सागाचा एक, पळसाचा एक, अशा जोड्या जमिनीवर मांडल्या. ज्याचे उरतील त्याचा सरपंच. सागाचे उरले, वरचा टोला जिंकला. हरलेल्यानं वाकून जोड्या निरखल्या, "बराबर आहे," म्हणाला आणि काठी खांद्यावर टाकून घरी गेला. भाऊ खालच्या टोल्याचे, त्यांचा माणूस हरला होता, आणि हे पोरासारखे हसत होते.

गर्दी पांगली. भाऊ मडक्यांतलं तणस काढत बसले होते. मी खिडकीत होतो. कुंपणाला वळसा घालून ऋषी आला आणि त्यांच्यापुढं उभा राहिला.

"दादा, मी कोनाले टाकलो, सांगू काय?"

भाऊंनी झटकन उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"सांगू नोको, बाबू. त्याच्याचसाठी केलो हे सारं."

ऋषी कुंपणापलीकडे गेला. मला वाटलं, संपलं. पण चुली पेटल्यावर भाऊ दारात आले, टाचा उंचावल्या, आणि कुंपणावरून दिसेल असा हात उंच करून त्याला जेवायला बोलावू लागले.

'हात खाली' माझ्या अगदी ओठावर आलं होतं. इतक्या दिवसांचा सूड होता माझा! पण मी हळूच खिडकी लावून घेतली, आणि ते राहून गेलं.