गाडीतून खाली उतरू नये

एका जंगलात एक खड्डा होता, मुलांनो. साधासुधा नव्हे. त्यात अख्खं गाव मावलं असतं. खरं तर एक मावलंही होतं. त्या खड्ड्याला कोळशाची खाण म्हणत. खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर काठाला उभे होते आणि त्यातल्या जुन्या डोंगरावर पुरुषभर गवत माजलं होतं.

त्या गवतात सांबरांचा कळप राहायचा. पळसी नावाची सांबरी तिथे नवी सून म्हणून आली. तिचं माहेर अभयारण्यातलं, म्हणजे जिथे मुळीच भय नसतं, तिथलं. पहिल्याच दिवशी डंपर धडधडत आला, तशी ती उधळली.

"काऊन पळतेस वं सूनबाई?" सासू भुराई रवंथ न थांबवता म्हणाली. "डंपर हाय तो. त्याला आपल्याशी काय घेणंदेणं?"

"मग पळायचं कधी, आत्याबाई?"

"गाडीतून माणूस खाली उतरला की."

पळसीने मान डोलावली. माहेरी माणसं सारखी उतरत. एकमेकांना मोठमोठ्याने 'हळू बोला' म्हणत. इथे मात्र खाणीच्या अलोणे साहेबांनी पाटीच लावली होती : 'गाडीतून खाली उतरू नये.' कोणी उतरत नसे. दुपारी दोनला भोंगा वाजे, सुरुंग उडे, जमीन हादरे. सांबरं कान हलवून पुन्हा चरू लागत.

सासर बरं आहे, असं पळसीला वाटू लागलं. ती बोलली मात्र नाही. सासरचं कौतुक एवढ्या लवकर करायचं नसतं.

यथावकाश तिला पाडस झालं. ते अजून धड उभंही राहत नव्हतं. तिने ते गवतात दडवलं.

आणि नेमक्या पाचव्या दिवशी साहेबांना पुरस्कार मिळाला. कशाबद्दल? वन्यप्राण्यांना माणसांचा त्रास होऊ न दिल्याबद्दल. तो द्यायला दोनशे माणसं आली आणि पाटीपाशी गाड्या लावून खाली उतरली.

"पळा!" भुराई ओरडली. कळप पळाला. सगळ्यांत पुढे पळसीचा नवरा. त्याची शिंगं कळपात सर्वांत मोठी होती.

पळसी तेवढी थांबली. खाली ढोल-ताशे वाजले, समई पेटली. प्रमुख पाहुणे कर्ण्यावरून शांततेविषयी पाऊण तास बोलले. मग म्हणाले, "अलोणे, ते प्राणी कुठायत हो?"

"असतील वर गवतात."

"मग चला की! एवढ्या लांबून आलो ते काय तुमचं तोंड बघायला?"

दोनशे माणसं गवत तुडवत वर चढू लागली. एक बूट पाडसापासून हातभर अंतरावर पडला. पळसीने रानाकडे पाहिलं. तिकडेही माणसं. तिने पाडसाला नाकाने ढोसून उभं केलं आणि लटपटत्या लेकराला घेऊन ती सरळ डंपरच्या रस्त्यावर उतरली.

डंपर करकचून थांबला. ड्रायव्हर खाली उतरला नाही. "जा माय, सावकाश जा," तो खिडकीतून म्हणाला.

तेवढ्यात दोनचा भोंगा झाला. सुरुंग उडाला. पाहुणे हार-तुरे टाकून गाड्यांत घुसले. डोंगरावर एकही पाय उरला नाही. पाडस आईला लुचू लागलं.

आठवड्याने पुरस्कार देणाऱ्या समितीचा अहवाल आला. 'आवाजाला घाबरून एक सांबरी पिल्लासह रस्त्यावर आल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. सबब या बाजूचे डंपर व सुरुंग बंद करावेत. डोंगरावर निसर्गप्रेमींसाठी पायवाट करावी.' साहेबांनी पाटी बदलली : 'गाडी इथेच ठेवून पायी वर जावे.'

सांबरं रानाच्या कडेला उभी राहून ती पाटी बघत होती. वर सहलीची पहिली तुकडी चढत होती.

"आता वं?" भुराईने विचारलं. तिचा रवंथ पहिल्यांदाच थांबला होता.

पळसीने पाडसाला पोटाशी घेतलं आणि हळूच विचारलं, "आत्याबाई, जवळपास दुसरी खाण कुठे निघतेय का हो?"

तात्पर्य : वन्यप्राण्यांना माणसांचा त्रास होतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी माणसांनी मोठ्या संख्येने जंगलात जावे.