आमच्या तळघरातला स्कंक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल. पण गोष्ट खरी आहे. मंगळवारी सकाळी सहकारी दुकानाच्या कोपऱ्यातल्या आमच्या कॉफीच्या टेबलावर मी ती जशी सांगितली, तशीच इथे लिहितो.

टेबलावर लॉर्न होता. त्याने तीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळला. त्यामुळे गावात कुणाचं काय बिनसलंय हे त्याला आधी कळतं, आणि मग ते नीट करायला तो स्वतः येतो. अडचण तिथूनच सुरू होते. दुसरा नेस्टर. नेस्टर बोलत नाही, खातो.

"लॉर्न," मी म्हणालो, "डिसेंबरात तू माझ्या तळघरातून वास मारणारा स्कंक हाकललास ना, तो स्कंक नव्हता."

लॉर्नने कप खाली ठेवला. "मग काय होतं?"

"गांजा."

"मग मी तीन दिवस रेडिओ कुणासाठी लावला होता?"

"तेच सांगतोय."

झालं असं. दर जानेवारीत, जुन्या पंचांगाचं नवं वर्ष लागतं तेव्हा, चर्चच्या हॉलमध्ये अख्ख्या गावाचं जेवण असतं. मलान्का. आणि गेली एकतीस वर्षं मलान्काच्या पिरोग्या माझ्या बायकोच्या, पॉलीनच्या हातच्या असतात. पारी लाटायची, बटाट्याचं सारण भरायचं, कड चिमटून मुरड घालायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. एक फुटली तर पॉलीन दिवसभर माझ्याशी बोलत नाही, जणू ती मीच फोडली.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या बोटांनी संप पुकारला. बरणीचं झाकण उघडेना, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवता येईना. ती कुणाला काही बोलली नाही. पण एल्सीचा डोळा होताच. एल्सी म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षीण. गोठवलेल्या पिरोग्या खोक्यातून तयार मिळतात, हे तिने दोनदा सहज म्हणून सुचवलं होतं.

"मी जिवंत असेपर्यंत मलान्काला खोक्यातली पिरोगी येणार नाही," पॉलीन म्हणाली. म्हणाली खरी, पण सांधा आखडलेलं बोट काही तिचं ऐकत नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, सांध्यांना लावायला गांजाचं मलम करायचं. आमच्या देशात सरकार कायद्याने घरटी चार झाडं लावू देतं. आणि दुकानात तयार मलमही मिळतं, हे मला माहीत आहे. पण ज्याने चाळीस वर्षं दोन हजार एकर गहू पिकवला त्याने पाला विकत आणायचा?

"चार कुंड्या," मी पॉलीनला म्हणालो. "शेपूचा वाफा तो काय, आणि हे काय."

"शेपू तरी तुझा कधी उगवला?" ती म्हणाली.

सप्टेंबर लागला होता, बाहेर कधीही पाला जाळणारं दहिवर पडलं असतं. म्हणून कुंड्या तळघरात ठेवल्या, घर तापवणारी भट्टी आणि फ्रीझर यांच्या मधल्या जागेत, वर मोठा दिवा टांगून. दिवा चोवीस तास चालू. सहा महिने बर्फ बघणारा माणूस उन्हाला कधी पुरे म्हणत नाही.

रोपं अशी वाढली की जवळ बसलं तर आवाज यायचा, नव्या बुटासारखा, करकर. एक फांदी मी पाण्याच्या नळाला बांधली. सकाळी बघतो तर नळच वर वाकलेला.

"प्लॅस्टिकचा असेल," लॉर्न म्हणाला.

"लोखंडी."

नेस्टरने दुसऱ्या बनपावाला लोणी लावायला घेतलं.

पण फुलं येईनात. ऑक्टोबर संपला, झाडांची डोकी छताला टेकली, आणि फुलाचा पत्ता नाही. मलम फुलाचं बनतं, पाल्याचं नाही. शेवटी ज्या दुकानातून बी आणलं होतं तिथल्या बाईला फोन केला.

"आजोबा, दिवा किती तास असतो?"

"चोवीस."

"म्हणजे त्यांना अजून जून महिनाच वाटतोय, लांब दिवसांचा. जूनमध्ये कोणी गहू कापतं का?"

हा प्रश्न तिने मला विचारला. मला.

"रोज बारा तास काळोख द्या," ती म्हणाली. "मिट्ट. मध्ये काडी पेटवलीत तरी झाड बिथरेल, आणि फुलाच्या जागी बी धरून बसेल."

तळघराच्या खिडकीला मी बाहेरून पुठ्ठा मारला, पुठ्ठ्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर चिकटपट्टी. बाहेर उणे तीस, म्हणून दिव्याची ऊब रात्री आणि काळोख दिवसा, असा हिशेब बसवला. अडचण एवढीच की आमचं सगळं तळघरात असतं. बटाटे, बीटाच्या बरण्या, मुरांबे. पॉलीन दिवसा अंधारात चाचपडत खाली जायची आणि हाताला लागेल ते वर आणायची. एका गुरुवारी आम्ही बीटाऐवजी प्लमच्या मुरांब्याचं सार प्यालो. वर मलई घालून.

त्यात आणखी एक घोळ. मी चारपैकी तीन दणकट झाडं दिव्याखाली ठेवली होती आणि चौथं रोडकं बाजूला काढलं होतं. बियाणं निवडताना दणकट तेच ठेवायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. दहा दिवसांत दोन दणकटांना फुलांऐवजी बारीक घुंगरू लागले. पुन्हा फोन.

"ते नर आहेत आजोबा. आजच्या आज काढा."

"मी तर सगळ्यात धट्टीकट्टी बघून ठेवली."

"म्हणूनच," ती म्हणाली.

गव्हात ही भानगड नसते. गहू आपलं आपण बघून घेतो.

राहिली एक दणकट मादी, आणि ते रोडकं, जे फेकू नकोस असं पॉलीन म्हणाली म्हणून भट्टीमागे पडून होतं. मलान्काला सहा आठवडे. दणकट मादीला मात्र फुलं धरली. आणि फुलांबरोबर वास सुटला.

स्कंक तुम्हाला माहीत असेल. काळा, पाठीवर पांढरा पट्टा, आणि शेपटी वर केली की पलीकडचं गावसुद्धा खिडक्या लावून घेतं. तसाच वास. आधी जिन्यात, मग कोटांत, मग आमच्या अंगाला. रस्त्यापलीकडे राहणारे फादर रोमन एके दिवशी नाकाला मफलर लावून दारात आले.

"वॉल्टर, तुमच्या घराखाली हिवाळ्याला स्कंक येऊन राहिलाय का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पॉलीनने मागून कोपर मारलं. चिमटा काढायचा होता तिला, पण तो निघाला नाही.

"हो फादर," मी म्हणालो. "स्कंकच."

फादर भला माणूस. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की वॉल्टर आणि पॉलीन संकटात आहेत, ज्याला स्कंकाचं काही कळतं त्याने मदत करावी. आमच्या गावात स्कंकाचं न कळणारा माणूस अजून जन्मायचाय. सोमवारी दुपारपर्यंत अमोनियात बुडवलेल्या चिंध्या आल्या, संत्र्याच्या सालींचं पोतं आलं. नेस्टर आमिषाला सार्डिन मासळीचा डबा घेऊन आला आणि पायरीवर बसून स्वतःच संपवून गेला.

"खारट होत्या," नेस्टर म्हणाला. हे त्याचं सकाळचं पहिलं वाक्य.

मी सगळ्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. त्या शुक्रवारी पॉलीनला घेऊन सॅस्काटूनला गेलो, सांध्यांच्या डॉक्टरांकडे. मुक्काम मुलीकडे. डॉक्टर काय म्हणाले ते सांगत नाही, ते या गोष्टीत बसत नाही. परतीचे साडेतीन तास पॉलीन खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं बर्फाशिवाय काही नव्हतं.

सोमवारी घरी वळलो तर माझ्या तळघराची खिडकी कापणीयंत्राच्या दिव्यासारखी पेटलेली. पुठ्ठा उपटलेला, ताडपत्री घडी घालून नीट बाजूला ठेवलेली, काचेला पाचशे वॅटचा दिवा, आणि काचेलाच टेकवलेल्या रेडिओतून कुणी माणूस ओरडून गुरांचे भाव सांगतोय.

"स्कंकला उजेड आणि बडबड सहन होत नाही," लॉर्न टेबलावर म्हणाला. "लहान मुलालासुद्धा माहीत आहे."

"झाडालाही होत नाही."

"ते मला कुणी सांगितलं होतं?"

"तीन दिवस, लॉर्न. तीन दिवस त्याने गुरांचे भाव ऐकले, हवामान ऐकलं, बर्फावरच्या कर्लिंगचा अख्खा सामना ऐकला. मीसुद्धा बिथरलो असतो."

पंधरवड्यात फुलांच्या जागी नुसतं बी. चिमण्यांना घालण्याइतकं. मी झाड उपटून भट्टीत घातलं, वास गेला, आणि फादरनी चर्चमध्ये लॉर्नचं नाव घेऊन आभार मानले.

"त्यानंतर तिघांनी मला बोलावलं," लॉर्न हळूच म्हणाला. "मी गेलोही. एकाकडे तर खरंच होता."

मलान्का तीन आठवड्यांवर. पॉलीनने पिठाचं पोतं आणून ठेवलं होतं आणि त्याच्याकडे बघणं टाळत होती. एल्सीचा फोन येऊन गेला, नुसती चौकशी म्हणून.

आणि आता ऐका. इथेच लोक विश्वास ठेवत नाहीत. मी राख काढायला भट्टीमागे वाकलो, तर ते रोडकं झाड. ना पाणी, ना दिवा, ना रेडिओ. आणि त्याला एक फूल. अक्रोडाएवढं. त्या एका फुलाचं मी डुकराच्या चरबीत मलम शिजवलं, मोहरीच्या छोट्या बाटलीभर. पॉलीनने संध्याकाळी लावलं. दुसऱ्या दिवशी माझं बटण शिवलं. तिसऱ्या दिवशी जी बरणी मलाही उघडत नव्हती ती उघडली. चौथ्या दिवशी सकाळी बाह्या सरसावून बसली, आणि गाणं गुणगुणत तीन दिवसांत अकराशे चाळीस पिरोग्यांना मुरड घातली. एकही फुटली नाही. गेल्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. एल्सीने दोनदा घेतल्या, मी स्वतः पाहिलं.

लॉर्नने डोळे पुसले. "वॉल्टर, त्या बाटलीत थोडं उरलंय का? माझा डावा गुडघा..."

"संपलं."

"बोटभर तरी?"

"तळापर्यंत पुसून संपलं."

नेस्टरने रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, आणि घडी बशीशेजारी ठेवली.

"मी शनिवारी चौदा खाल्ल्या," तो म्हणाला.

"आम्ही मोजत होतो," लॉर्न म्हणाला.

"एकतीस वर्षं पॉलीनच्या पिरोग्या खातोय. तिची मुरड एका बाजूला कललेली असते, वाऱ्यात गहू कलतो तशी. शनिवारच्या सगळ्या पान्याने आवळल्यासारख्या होत्या."

मी कप उचलला. कप रिकामा होता, तरी प्यालो.

"सारण तिचंच होतं," नेस्टर म्हणाला. "ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. मुरड तू घातलीस. अकराशे चाळीस."

लॉर्न एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. "आणि ते रोडकं झाड?"

"ते ऑक्टोबरातच मेलं असेल," नेस्टर म्हणाला.

"सप्टेंबरात," मी म्हणालो.

नेस्टरने कोट घातला, एकेक बटण लावलं, आणि दाराशी जाऊन वळला.

"एल्सीला मी बोलणार नाही. पण पुढच्या वर्षी कडा जरा पातळ ठेव."