जास्त दुखतं त्याचं ऑपरेशन

शिंपीणबाईंच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं. खुद्द सर्जननीच तसं सांगितल्यामुळे शंकेला जागा नव्हती. तरी टाके सुकून कित्येक महिने उलटल्यावरही मशीनचं पायडल मारलं की जांघेत सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. शेवटी बाई सर्जनकडे गेल्या.

"आत बसवलेली जाळी जागच्या जागी आहे," सर्जन म्हणाले. "या ऑपरेशननंतर बायकांना पुरुषांपेक्षा जास्त दुखतं. आमचा अनुभव आहे."

"मग बायकांसाठी वेगळं काय करता?"

"त्यांना सांगतो ना, की बायकांना जास्त दुखतं."

बाई पुन्हा गेल्या, तेव्हा दारातल्या नर्सने हळूच सुचवलं, "यजमानांना आणा. तुमचं दुखणं त्यांनी सांगितलं तर वजन पडेल."

यजमान ग्रंथपाल होते. जन्मभर हळू आवाजात बोललेले. पण बायकोचं कण्हणं त्यांना ऐकवत नव्हतं. "डॉक्टर, हिला कूसही बदलता येत नाही हो!" ते चक्क मोठ्याने म्हणाले.

सर्जननी पेन खाली ठेवलं. "नेमकं कुठे दुखतं?"

चारचौघांत बायकोच्या जांघेकडे बोट कसं दाखवायचं? ग्रंथपालांनी स्वतःच्या जांघेवर बोट ठेवलं.

"खोका बघू."

ते खोकले. सर्जनचा चेहरा उजळला. "अहो, इथे हर्निया आहे!"

"पण मला काहीच दुखत नाही!"

"पुरुष सोसतात हो. म्हणून तर आम्हाला लक्ष ठेवावं लागतं."

आठवड्याभरात ऑपरेशन उरकलं. दवाखान्याने कुटुंबाच्या तक्रारीचं निवारण झाल्याची नोंद केली. ग्रंथपालांना जड उचलायची मनाई झाली, म्हणून पाण्याच्या बादल्या, गॅसची टाकी आणि कधीकधी खुद्द ग्रंथपाल बाई उचलू लागल्या.

भेटायला माणसांची रीघ लागली.

"अहो, मी ठीक आहे. दुखतंय ते हिला!" ग्रंथपाल कळवळून सांगत.

"बघितलंत? अशा अवस्थेतही बायकोची काळजी!" पाहुण्यांचे डोळे पाणावत. मग ते बाईंकडे वळून चहा मागत.

बाई एक हात जांघेवर दाबून, दुसऱ्या हाताने कप पुढे करत.

आणि हो, ग्रंथपालांची जखम अगदी छान भरली. तुम्हीही तेच विचारणार होतात ना?