आधी कड, मग रंग

घरत पेंटर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "टोचतंय." पनवेलमधल्या माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकं दचकायची. मी पडद्याची काच पुसायचो.

करंज्याच्या बंदरातल्या होड्यांवर नावं रंगवण्यात या माणसाचा जन्म गेलेला. कॉम्प्युटरवर रागावतील असं वाटलं होतं, तर ते रोज दुपारी येऊन त्यालाच शिकवायला लागले. पत्रिकेतला 'ळ' मोठा केला की वळणाला जिन्यासारख्या पायऱ्या पडत.

"घरतदादा, हे ठिपक्यांचं अक्षर. मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात."

"मंग ठिपके कशाला साठवतंय? आमी आदी कड काढतो, मंग रंग भरतो. अक्षर वीतभर असो नायतर पुरुषभर, कड तीच."

पुढे कॉम्प्युटरची नवी अक्षरं आली, ती नेमकी तशीच निघाली. अक्षराची नुसती कड साठवायची आणि हव्या त्या मापाला कॉम्प्युटरने ती भरायची. काठाला थोडे करडे ठिपके टाकले की पडद्यावर वळण मऊ दिसतं. "माजंच चोरलंय," असं दादा बाजारात सांगत फिरले. मग माऊस धरून, जीभ दाताखाली दाबून त्यांनी सहा महिन्यांत सगळी अक्षरं काढली. मुंबईच्या एका छापखानेवाल्याने ती विकत मागितली. माझ्या दुकानातलं काम! माझी कॉलर ताठ झाली. दादा म्हणाले, "इकायची नाय." फक्त त्या अक्षरांची एक फ्लॉपी त्यांनी ठाण्याला, लेकीच्या ऑफिसात धाडली.

आठवड्याने ते वहिनींना घेऊन आले. वहिनींची नजर इतकी गेली होती की तळहाताएवढं अक्षरच दिसे. लेकीची पत्रं दोन वर्षं दादाच वाचून दाखवत. या वेळी लेकीने पत्र त्याच अक्षरांत लिहून फ्लॉपीवर पाठवलं होतं. मी अक्षरं तळहाताएवढी केली. एकाही वळणाला पायरी नव्हती. पान पुढे सरकवायची कळ वहिनींना दाखवतोय, तोच दादांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"अहो, तुमची अक्षरं. बघा तरी."

"मायलेकींचं हाय ते. मी वाचतो तवा ती नुसती 'बरं' म्हनते. माज्यासमोर रडाया तिला अवघड वाटतं."

वहिनींना मोठ्याने वाचायची सवय. पहिला शब्द बाहेर आला, तसे दादा मला मोठमोठ्याने सुक्या बोंबलांचे भाव सांगू लागले. आतून हुंदका आला. दादांनी आवाज आणखी चढवला.